चर्चासत्रातून थेट: लाइव्ह ब्लॉग आणि ट्वीट कसे करावेत?

पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद १९१९ साली पुण्यात भांडारकर संस्थेत भरली. तिथं काय बोललं गेलं, हे बाहेरगावच्या अभ्यासकाला कळायचं ते छापील वृत्तान्त हाती पडल्यावर. आता विद्यापीठात किंवा आयसरसारख्या विज्ञानसंस्थेत बसलेला विद्यार्थी चहाच्या सुट्टीआधीच निम्मं सत्र जगापुढे ठेवतो. ते नीट कसं करायचं, ते पाहू.

आधी विचारा. संयोजकांना दोन ओळींचा मेल करा: टिपणं प्रसिद्ध केली तर चालतील का, हॅशटॅग ठरलाय का. विज्ञानाच्या परिषदेत हे टाळूच नका. अप्रकाशित निष्कर्ष किंवा पेटंटचा अर्ज व्हायचा असलेलं काम तुमच्या ट्वीटमुळे जाहीर झालं, तर नुकसान संशोधकाचं होतं. वक्त्यानं ‘हे बाहेर नको’ म्हटलं की फोन पालथा. स्लाइडच्या फोटोलाही हाच नियम.

आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेतून वक्त्यांची नावं, संस्था आणि विषय फोनमध्ये उतरवून ठेवा. गोषवारे मिळाले तर वाचून जा. अनोळखी संज्ञा ऐनवेळी कानावर पडली की बोटं अडखळतात. वक्त्याचं खातं जोडताना तो त्याच नावाचा दुसराच कुणी नाही ना, हे बघा. पॉवर बँक हवीच. जाड दगडी भिंतींच्या जुन्या सभागृहात रेंज जाऊ शकते, म्हणून मजकूर आधी नोट्समध्ये लिहा आणि मग चिकटवा.

ब्लॉग की ट्वीट? युक्तिवाद सलग मांडायचा तर ब्लॉग, एखादा मुद्दा पोचवायचा तर ट्वीट. दोघं असाल तर कामं वाटून घ्या. एकटे असाल तर ब्लॉगची टिपणं धरा आणि प्रत्येक व्याख्यानातले दोन-तीनच मुद्दे ट्वीट करा. एक्सच्या, म्हणजे जुन्या ट्विटरच्या, साध्या खात्यावर २८० अक्षरं मिळतात, पण मराठीत ती भराभर संपतात. काना-मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द सहा जागा खातो. दुवा कितीही लांब असला तरी २३.

सत्र सुरू झाल्यावर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक चालू असतं तेवढ्यात पहिलं ट्वीट टाकून घ्या: वक्ता, विषय, ठिकाण, हॅशटॅग. पुढची ट्वीट त्यालाच उत्तर म्हणून जोडत न्या. वाचणारा मात्र माळेतलं एखादंच ट्वीट पाहतो, म्हणून प्रत्येकात वक्त्याचं आडनाव हवं. अवतरणचिन्हं फक्त जसेच्या तसे शब्द असतील तेव्हा. सारांशाला किंवा इंग्रजी भाषणाच्या तुमच्या मराठीला नकोत. स्वतःचा शेरा मारायचा तर वेगळ्या ट्वीटमध्ये, ‘माझं मत’ असं लिहून.

सगळ्यात मोठी फसगत होते ती पूर्वपक्षात, म्हणजे वक्ता खोडून काढण्यासाठी आधी जे विरुद्ध मत मांडतो त्यात. इतिहासाचा अभ्यासक सांगतो, ‘हा ताम्रपट बनावट मानला जातो,’ आणि दहा मिनिटांनी तेच मत खोडून काढतो. मधल्या वेळात तुम्ही त्याच्या नावावर नेमकं उलटं विधान खपवलेलं असतं, आणि ते चार जणांनी पुढेही पाठवलेलं असतं. चांगला वक्ता प्रतिपक्षाची बाजू जोरकस मांडतो, त्यामुळे धोका चांगल्या व्याख्यानातच जास्त. मुद्दा कुठं वळतो ते कळेपर्यंत थांबा. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

प्रश्नोत्तरं थोडक्यात आवरा. ‘प्रश्न नाही, थोडं निवेदन आहे’ म्हणत उठणारे गृहस्थ प्रत्येक सभागृहात असतात; त्यांना वगळलंत तरी चालेल. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव त्याला न विचारता देऊ नका.

त्याच संध्याकाळी ब्लॉग पुन्हा वाचा, नावं आणि आकडे तपासा. साध्या खात्यावर ट्वीट दुरुस्त करता येत नाही. चूक सापडली तर ते काढून टाका आणि काय बदललं ते नव्या ट्वीटमध्ये सांगा. ब्लॉगमधली दुरुस्ती वेळेसह नोंदवा. मग दुवा वक्त्यांना आणि संयोजकांना पाठवा. पुढे शोधनिबंध छापून आला की त्याचाही दुवा त्याच नोंदीखाली जोडा.