पत्र्यावर जलरंग उतरवताना

बुलेटच्या टाकीवर ज्वाळा आणि कवट्या काढून देणारे पुष्कळ आहेत. मला टाकीवर ओलावा दिसायला हवा असतो, रंग नुकताच पसरून थांबलाय असा. एअरब्रशला, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनासारख्या हत्याराला, हे जलरंगाचं काम परकं नाहीच. १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी सुधारित एअरब्रश बनवला, आणि ते स्वतः जलरंगात काम करणारे चित्रकार होते.

खरी अडचण पत्र्याची. कागद पाणी पितो, पत्रा पीत नाही. म्हणून पांढरा बेसकोट, म्हणजे खालचा रंगाचा थर, कडक वाळू द्या आणि ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून त्याची चमक पुरती मारा. डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसा, मग पाण्याचा फवारा मारून बघा. पाणी थेंब होऊन पळालं तर तेलकटपणा राहिलाय, पुन्हा पुसा.

रंग वॉटर-बेस्ड आणि पारदर्शकच घ्या. पांढरा रंग एअरब्रशच्या कपात घालूच नका. उजेड खालच्या बेसकोटमधून यायला हवा.

टाकी आडवी टेकवा, स्प्रे बाटलीने बारीक पाणी मारा आणि ०.३ मिमीच्या नोझलने, १५-२० पीएसआय हवेच्या दाबावर, त्या ओलीत रंग सोडा. आता ट्रिगर मागे न ओढता फक्त खाली दाबा, म्हणजे नुसती हवा येईल. त्या हवेने थेंब ढकलला की त्याला बारीक फांद्या फुटत जातात. एरवी हे स्पायडरिंग म्हणजे दोष. इथे मुद्दाम करायचं. मग हात आवरा. हीट गन तर अजिबात नको. डबक्याच्या कडेला पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण सोबत नेतं. त्यातून जी गडद, केसाएवढी रेघ उमटते, तिच्यासाठी एवढा खटाटोप. ती ब्रशने काढता येत नाही.

ओल्या रंगावर चुरगळलेली क्लिंग फिल्म रात्रभर ठेवली तर दगडासारख्या शिरा येतात. अर्धवट सुकलेल्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला तर रंग बाजूला सरून पांढरा डोळा उघडतो. एका टाकीवर दोनच प्रकार वापरा, बाकी पांढरं मोकळं सोडा.

जाडं मीठ कागदावर सुंदर दिसतं, गाडीवर मी वापरत नाही. कणभर जरी राहिलं तरी क्लिअरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, ओलावा ओढतं आणि फोड येतात. आमच्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर नकोच. मिठाचा हट्ट असेल तर भंगारातल्या पत्र्यावर हौस भागवा.

क्लिअर दुसऱ्या दिवशी मारा, डबकी आतून सुकायला वेळ घेतात. पहिला हात अगदी हलका, नाहीतर रेघा विस्कटतात. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. कापडी मास्क त्याला अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क सर्वात चांगला. क्लिअर चढल्यावर रंग गडद दिसतो, तेव्हा सुरुवातीलाच एक छटा फिकी धरा.