डिजिटल पत्रकारितेत एम.ए. करताय? या चुका टाळा

डिजिटल पत्रकारितेच्या एम.ए.ला आलेली मुलं पहिल्या सत्रात सगळ्यात आधी काय विचारतात? एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर, एसईओ (गुगलच्या शोधात बातमी वर आणायचं तंत्र) कधी शिकवणार, अ‍ॅनालिटिक्सचं सर्टिफिकेट मिळणार का. प्रश्न रास्त आहेत, पण चारही सत्रं त्यातच गेली तर हाती फार थोडं लागतं. साधनं डोळ्यांदेखत बंद पडतात. वेबसाइटचे वाचक मोजणारं गुगलचं जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स जुलै २०२३मध्ये थांबलं, समाजमाध्यमांवरच्या पोस्टचा माग काढणारं क्राउडटँगल मेटाने ऑगस्ट २०२४मध्ये गुंडाळलं. म्हणून पाणी, शेतमाल, न्यायालय, शाळा, महापालिका यांपैकी एक विषय पहिल्याच सत्रात धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. विषय न धरणं ही या शिक्षणातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच उभ्या राहतात.

प्रबंधाचा विषय आभाळाएवढा घेणं

‘समाजमाध्यमांचा तरुणाईवर होणारा परिणाम’ हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. मग ओळखीच्या शंभर जणांना गुगल फॉर्म जातो, त्यावर पाय चार्ट निघतात आणि निष्कर्ष आधीपासून माहीत असलेलाच येतो. मार्गदर्शकांनी शेरा मारला की विषय बदलण्यापेक्षा तो कापा. कोल्हापूरचंच बघा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी या दोन आकड्यांच्या दरम्यान असताना स्थानिक पोर्टलांनी मथळ्यात काय लिहिलं? ‘इशारा’ आणि ‘धोका’ यांची गल्लत किती वेळा झाली? फूट-इंच दिले, की नुसतंच ‘पंचगंगेचं रौद्ररूप’? तीन पोर्टलं, एक पावसाळा, एक बंधारा. एवढ्यात पुरेसा प्रबंध होतो आणि तो पूरग्रस्त भागातल्या माणसांच्या कामाचाही असतो.

माहितीचा अर्ज शेवटच्या सत्रात टाकणं

माहिती अधिकाराच्या अर्जाला शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, त्यात आणखी महिना-दीड महिना. प्रबंध जमा करायला दोन महिने उरले असताना अर्ज टाकला तर ती माहिती निकाल लागल्यावर हातात पडेल. अर्ज तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. ‘कारणे द्यावीत’, ‘मत कळवावे’ असं लिहू नका, कारण कायद्याने मिळतं ते नोंदीत असलेलं. नस्ती (फाइल), परिपत्रक, रजिस्टरची प्रत असं नेमकं मागा.

आकडे हातात येताच सरासरी काढणं

लासलगावच्या कांद्याचे दर उघडले की किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर दिसतात. विद्यार्थी बहुधा किमान-कमालची बेरीज करून दोनने भागतात आणि आलेख काढतात. हे चूक आहे. कमाल दर एखाद्याच उत्तम लॉटला मिळालेला असू शकतो आणि किमान दर भिजलेल्या मालाला. बहुतेक माल कोणत्या भावाने गेला हे सर्वसाधारण दरावरून कळतं, बातमीही त्यावरच करायची. दर क्विंटलचे असतात हेही विसरू नका. शहरातला किलोचा भाव शेजारी ठेवायचा तर आधी शंभराने भागा. आणि शीटमध्ये बेरीज येतच नसेल तर रकान्यात आकड्यासोबत ‘रु.’ किंवा ‘क्विं.’ टाइप केलंय का बघा. असा मजकूर असला की शीट त्याला संख्या धरत नाही.

व्हिडिओ ‘व्हायरल आहे’ म्हणून वापरणं

दर पावसाळ्यात जुने पुराचे व्हिडिओ नव्याने फिरतात. इनव्हिडसारख्या, ब्राउझरला जोडायच्या प्लगइनने व्हिडिओतली स्थिरचित्रं काढून रिव्हर्स सर्च करा, म्हणजे चित्रावरून ते आधी कुठे आलंय हे शोधा. काहीच सापडलं नाही तर डोळे वापरा. दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे? गाडीची नंबरप्लेट एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच-१० म्हणजे सांगली. प्लेट केए म्हणजे कर्नाटकची असेल आणि खाली ‘सांगलीतील दृश्य’ लिहिलं असेल तर थांबा आणि त्या गावातल्या कुणाला तरी फोन करा. मूळ पोस्ट लगेच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणारं संकेतस्थळ) साठवा, ती कधीही डिलीट होते.

नाव गाळलं की जबाबदारी संपली असं समजणं

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ने मनाई आहे, पीडित बालक असेल तर पॉक्सोचं (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम २३ लागतं. नाव वगळून गाव, शाळा, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय दिला तर त्या गावात ओळख उघडच झाली. जम्मूतल्या कठुआच्या बालिका अत्याचार प्रकरणात ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये मोठमोठ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. छापील अंकात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते. वेबवरच्या बातमीचे स्क्रीनशॉट मात्र बातमी काढून टाकल्यावरही फिरत राहतात, आणि त्याची झळ त्या मुलीला बसते. म्हणून हा भाग परीक्षेपुरता वाचू नका.

काही लहान पण त्रासदायक गोष्टी. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर वेबसाइटच्या सीएमएसमध्ये (बातम्या चढवायची प्रणाली) चिकटवला तर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, कारण गडबड तिथेच होते. टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर शिका, महिनाभरात हात बसतो.

प्रवेशाआधी पदवी आणि डिप्लोमा यांतला फरकही बघा. आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्था) अमरावती केंद्रातला मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा न्यूजरूममध्ये जायचं असेल त्याला उत्तम. पुढे नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) देऊन शिकवायचं मनात असेल तर आपण घेतोय तो डिप्लोमा एम.ए.शी समकक्ष धरला जातो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

इंटर्नशिपमध्ये छापून आलेल्या प्रत्येक बातमीची पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा. पोर्टलं बंद पडतात, लिंका बदलतात, बायलाइन, म्हणजे बातमीवरचं तुमचं नाव, ‘ऑनलाइन टीम’ होऊन जाते. इंटर्नशिप मिळतच नसेल तर ‘परी’कडे बघा. पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेलं हे ग्रामीण भारताचं संग्रहस्थळ विद्यार्थ्यांचं लेखनही घेतं आणि मराठीतही प्रसिद्ध होतं. तिथे एका लेखाला वेळ लागतो, प्रश्न परत येतात, पुन्हा त्या गावात जावं लागतं. पहिल्या सत्रात धरलेला विषय इथे उपयोगी पडतो, कारण तोवर त्या गावात तुमचा फोन उचलणारी चार माणसं झालेली असतात.