बाकदार पाय कापताना ढलपे जपा
सागवानी टेबलाचा बाकदार पाय बँडसॉवर (पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या विजेच्या करवतीवर) कापायचा तर चौकोनी ठोकळ्याच्या एकमेकींना लागून असलेल्या दोन बाजूंवर फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा नमुना, ठेवून आखा. दोन्हीकडचे गुडघे, म्हणजे पायाचे वरचे फुगीर भाग, एकाच कडेवर भेटले पाहिजेत. पहिली बाजू कापली की निघालेले ढलपे अजिबात फेकू नका. जागच्या जागी बसवून चिकटपट्टीने आवळा, म्हणजे दुसरी आखणी पुन्हा दिसते आणि लाकूड डगमगत नाही. मगच वळवून कापा. आमच्या जळगावात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पट्टीचा गोंद सुटतो, म्हणून मी ग्लू गनचे दोन थेंबही लावतो. पातं ६ मिमीचं घ्या. घोट्याजवळ, म्हणजे पायाच्या खालच्या निमुळत्या भागाशी, ते पिळून वळवू नका, आधी बाहेरून एखादा आडवा छेद द्या. रेघेबाहेर १ मिमी राखा, ते कानशीनं निघतं.