व्यासपीठावर बोलण्याची तयारी कशी करावी

गोव्यातील गावोगावच्या जत्रोत्सवांत हौशी नाटके होतात आणि एरवी दुकान किंवा कचेरी सांभाळणारी माणसे त्या रात्री भरल्या मांडवासमोर अस्खलित मराठी संवाद म्हणतात. तोच नट गावच्या वाचनालयाच्या कार्यक्रमात आभार मानायला उभा राहिला, की अनेकदा अडखळतो. नाटकात त्याला पाठ केलेले संवाद, अंगावरचे सोंग आणि पडद्याआडचा प्रॉम्प्टर यांचा आधार असतो; भाषणात यांपैकी काहीच नसते. म्हणून अशा माणसाकडे धिटाई नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. स्वतःच्या नावाने, स्वतःचा विचार उभ्या उभ्या मांडण्याची सवय त्याला नसते आणि ती लावून घेता येते.

पहिले काम विषय आवळण्याचे आहे. श्रोत्याने घरी जाऊन आपल्या भाषणातील एकच गोष्ट सांगितली, तर ती कोणती असावी, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नये. मांडणीसाठी मात्र परका नमुना शोधण्याची गरज नाही, कारण देवळातील नारदीय कीर्तन आपल्यासमोर आहे. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण करतात आणि उत्तररंगात तेच तत्त्व एका आख्यानातून उलगडून दाखवतात. समजा, खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे, बांध राखले पाहिजेत, हा आपला विषय आहे. आधी बांध आणि मानस (बांधातील पाण्याचे दार) यांचे काम थोडक्यात सांगावे: भरतीचे खारे पाणी बाहेर अडवायचे आणि ओहोटीच्या वेळी शेतातील पाणी नदीत सोडायचे. त्यानंतर आपल्याच परिसरात बांध फुटला तेव्हा कोणाच्या शेतात पाणी शिरले, पीक कसे गेले आणि खारावलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणताना काय सोसावे लागले, ही एकच हकीकत तपशिलाने सांगावी. चार उदाहरणे घाईघाईने देण्यापेक्षा एक उदाहरण सावकाश सांगितलेले श्रोत्यांच्या अधिक लक्षात राहते.

भाषेची अडचण गोव्यात थोडी वेगळी आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोकणी बोलली जाते आणि मराठी येते ती पुस्तकांतून व वर्तमानपत्रांतून. त्यामुळे व्यासपीठावर तोंडून अग्रलेखाची भाषा निघते. यावर उपाय असा, की लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे आणि जिथे श्वास पुरत नाही तिथे ते तोडावे. (प्रस्तुत लेखातील वाक्ये वाचण्यासाठी आहेत, ती बोलायची झाल्यास बरीचशी मोडावी लागतील.) संपूर्ण भाषण पाठ करू नये, कारण एक शब्द निसटला की पुढचे सगळेच निसटते. सुरुवातीची दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य तेवढे पाठ असावे, मधले मुद्दे एका लहान कागदावर ठळक अक्षरांत लिहावेत. शालेय वक्तृत्व स्पर्धांनी आपल्याला लावलेला चढा सूर आणि ठरावीक हातवारे, माझ्या मते, प्रौढ वक्त्याने निश्चयाने सोडले पाहिजेत.

छाती धडधडणे, तोंड कोरडे पडणे आणि हात कापणे ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे आणि अनुभवी वक्त्यांनाही ती चुकत नाही. नाव पुकारले जाण्यापूर्वी काही वेळा श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. त्याने हृदयाची गती थोडी मंदावते. उभे राहिल्यावर लगेच बोलू नये, क्षणभर श्रोत्यांकडे पाहावे. ध्वनिक्षेपक तोंडापासून साधारण वीतभर ठेवावा, त्यावर फुंकर मारू नये आणि तो हातात घेऊन कर्ण्यासमोर जाऊ नये, अन्यथा कर्कश शिट्टी ऐकू येते. पावसाळ्यात पत्र्याच्या मांडवावर सर कोसळू लागली, तर तिच्याशी आवाजाची स्पर्धा न करता थांबावे.

सरावाच्या जागा जवळच असतात. ग्रामसभेत एखाद्या ठरावावर दोन मिनिटे बोलणे ही उत्तम शाळा आहे. तिथे कोकणीतच बोलावे, कारण मुद्दा धरून ठेवण्याची शिस्त भाषा बदलली तरी टिकते. पुढे 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा 19 डिसेंबरचा मुक्तिदिन यांसारख्या प्रसंगी मराठीत पाच मिनिटे मागून घ्यावीत. दिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी थांबणाऱ्या वक्त्याला आयोजक पुन्हा बोलावतात, हे सांगायला नकोच.

प्रत्येक भाषण मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, मात्र ते त्याच रात्री ऐकू नये. दुसऱ्या दिवशी ऐकताना कागद घेऊन बसावे आणि ‘म्हणजे’, ‘तर’, ‘खरं म्हणजे’ असे भरतीचे शब्द कुठे आले त्या जागा टिपाव्यात. बहुधा त्या मुद्दा बदलतानाच्या जागा असतात. तिथे दोन मुद्द्यांना जोडणारे एक वाक्य तयार करून, पुढच्या भाषणाआधी ते मोठ्याने घोकावे.