लेकराला जुलाब लागले तर: ओआरएस कसं कालवायचं, कसं पाजायचं

मराठवाड्यात जुलाबाची साथ वर्षातून दोनदा हमखास येते. एकदा वैशाखात, टँकरचं पाणी चार-चार दिवस टाकीत साठवलं जातं तेव्हा. दुसऱ्यांदा मिरगाचा पाऊस पडून विहिरीत गढूळ नवं पाणी उतरतं तेव्हा. जुलाबात धोका असतो तो अंगातलं पाणी आणि मीठ जाण्याचा. ‘दात येतायत’ म्हणून वाट बघू नका.

आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ओआरएसची (गेलेलं पाणी-मीठ भरून काढणाऱ्या पावडरीची) पुडी आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात. मोठी पुडी एक लिटरसाठी असते. सगळ्यात जास्त चूक इथंच होते: एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवतात. असं खारट पाणी लेकराला घातक ठरतं. उलट, अर्धी पुडी ठेवून अंदाजानं केलेलं पाणी फिकं पडतं. तांब्याचा भरवसा धरू नका, लिटरची बाटली घ्या. उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ मोजा, स्वच्छ पातेल्यात ओता, अख्खी पुडी टाका, विरघळेपर्यंत ढवळा. चव आसवांइतकीच खारट लागली पाहिजे. वरून साखर घालू नका, पुन्हा उकळू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. २०० मिलीच्या छोट्या पुड्याही येतात, म्हणून पुडीवरचं माप आधी वाचा.

पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखरेमुळेच आतडं मीठ ओढून घेतं आणि त्यामागून पाणीही अंगात जातं. पण साखर फार झाली की उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जाऊन जुलाब वाढतात. दुकानातलं गोड सरबत, कोल्ड्रिंक म्हणूनच नको.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. घटाघटा पाजलं की हमखास उलटून पडतं.

झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी: सहा महिन्यांवर रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांना १०. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवा. अंगावरचं दूध बंद करू नका. मोठ्या लेकरांना मऊ खिचडी, दहीभात, ताक चालतं. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लेकरांना देऊ नका.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. जागेवर यायला दोन सेकंदांहून जास्त लागले, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, पिईना, शीमध्ये रक्त दिसलं किंवा सहा तास लघवी नाही, तर १०८ लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला पहिल्या जुलाबालाच दवाखान्यात न्या. वाटेतही चमच्यानं ओआरएस चालू ठेवा. शुद्ध नसेल किंवा गिळता येत नसेल, तर मात्र तोंडात काहीच घालू नका.