पोरांच्या हातच्या वस्तू ऑनलाइन विकायच्यात? आधी हिशोबाची वही काढा

झालं असं की दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत सासूबाईंनी आमच्या लेकीला क्रोशाची सुई धरायला शिकवली. त्यांच्या काळी हे सगळं रुखवतात मांडायच्या रुमालापुरतं होतं, आमच्या बाईसाहेबांनी त्यातून सूर्यफुलाची कीचेन काढली, मग केसांच्या क्लिपा, आणि एक दिवस जेवताना "मम्मी, मी हे ऑनलाइन विकू का?" तेव्हा ती 11 ची होती. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, घरात धंद्याचा कुणालाच गंध नाही, त्यामुळे चुका भरपूर केल्या. आता बिल्डिंगमधल्या आया विचारायला येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

सुरुवात दोन-तीन वस्तूंपासून करा, वीस नको. आणि वस्तू अशी हवी की पोर एकटी ती पूर्ण करेल. नाहीतर रात्री अकराला तुम्हीच लोकरीची टोकं खोचत बसता आणि पोर झोपलेली, हे आमच्याकडे झालंय. टेडी, बाहुल्या लहान मुलांना खेळायला म्हणून विकू नका, 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 2021 पासून आयएसआय मार्क लागतो (नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे, पण आपली पोर कुठली नोंदवलेली). डोरेमॉन, पिकाचू पण नको, ती चित्रं कुणाच्या तरी मालकीची आहेत.

आता किंमत. इथेच सगळ्यांचं गाडं अडतं. लेकीने कीचेनचे 30 रुपये ठरवलेले, का तर मैत्रीण म्हणाली. मी म्हटलं वही आण. लोकर वजनावर मोजली तर 9 रुपयांची, कडी 4, टॅग आणि पाऊच 5, पॅकिंगचा पुठ्ठा आणि टेप 6. झाले 24. मग मोबाइलवर टायमर लावून तिला एक कीचेन करायला बसवलं, 50 मिनिटं लागली. तासाला 60 रुपये धरले तरी वेळेचेच 50 झाले, म्हणजे 74, आम्ही 80 केले आणि पोस्टेज वेगळं. ती वहीकडे बघतच राहिली, म्हणाली मग 30 ला विकलं असतं तर मी फक्त 6 रुपयांसाठी बसले असते? तेवढं तिला कळलं तिथेच माझं निम्मं काम झालं. हरभट रोडवर 30 ला मिळतं म्हणणारी एक काकू भेटणारच, तिला हसून हो म्हणायचं आणि भाव तोच ठेवायचा. हा हिशोब पोराच्याच अक्षरात हवा, तुम्ही एक्सेल करून दिलंत तर ते वाया गेलं समजा.

अकाउंट मात्र तुमचं. 18 च्या खालच्या मुलाने केलेला करार कायद्याने धरलाच जात नाही, मोठ्या साइटवर विक्रेता म्हणून नोंदवायला पॅन, बँक खातं, बहुतेक ठिकाणी जीएसटी नंबर मागतात, एवढ्याशा धंद्याला ते नकोच. व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे आणि इन्स्टाचं एक पेज, बास. इन्स्टाला 13 वर्षं पूर्ण लागतात, त्याखालच्या मुलाच्या नावाने पेज असेल तर ते पालक चालवतात असं बायोमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. आमची आता 13 ची झाली तरी पेज माझ्याच फोनवर आहे आणि मेसेजला उत्तर मीच देते, काय लिहायचं ते ती सांगते. यावरून भांडणं होतात, होऊ देत.

फोटो सकाळी नऊच्या सुमारास गॅलरीच्या दारात काढा, खाली पांढरा ड्रॉइंग पेपर, शेजारी पट्टी ठेवायची म्हणजे साइज कळते. फ्लॅश बंद. पोराचा चेहरा, शाळेचा युनिफॉर्म, दारावरची पाटी यातलं काही येता कामा नये, हात आले तर चालतील, उलट विणणाऱ्या हातांचा फोटो जास्त चालतो.

पैसे आधी, वस्तू नंतर. नातेवाइकांनाही. आणि स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसले की मगच पार्सल बांधायचं. आम्हाला एकाने मेसेज केला, मी आर्मीत आहे, 50 राख्या पाहिजेत, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. लेक आनंदाने उड्याच मारायला लागली. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, हे तिला त्या दिवशी समजावलं, थोडी रडली पण आता तीच आजीला शिकवते. 10 वर्षांवरच्या मुलांना बँक स्वतः चालवता येईल असं खातं देऊ शकते, तिचं तसं काढलंय, दर महिन्याला लोकरीचे पैसे बाजूला काढून उरलेले त्यात टाकते. टॅक्सचं म्हणाल तर मुलाच्या नावावरचं व्याज आईबापाच्या उत्पन्नात धरतात, पण मुलाने स्वतःच्या हातच्या कामातून कमावलेलं तसं धरत नाहीत, ते त्याचंच.

पार्सलमध्ये माझी पहिली चूक म्हणजे साधं कागदी पाकीट. पुण्याला सूर्यफूल पोचलं ते पापडासारखं चपटं होऊन. आता मिठाईच्या दुकानातून छोटे खोके आणतो, आणि स्पीड पोस्टने पाठवतो, ट्रॅकिंग नंबर गिऱ्हाइकाला लगेच कळवायचा. पत्ता पिनकोडसकट परत वाचून घ्या, हे काम पोराला द्या, त्यांचं लक्ष आपल्यापेक्षा बरं असतं. परीक्षेच्या आधी तीन आठवडे ऑर्डर बंद, स्टेटसला सरळ "परीक्षा आहे" असं टाकतो आणि लोक मुकाट थांबतात.

राख्यांचा सीझन सगळ्यात मोठा, पण आपल्याकडे तो नेमका पाण्याच्या दिवसांत येतो. 2019 ला राखीपौर्णिमेच्या आधीचा आठवडा सांगली पाण्यात होती, ते कोण विसरेल. म्हणून राख्या जूनमध्येच विणायला घ्यायच्या, आषाढात फोटो टाकायचे आणि बाहेरगावचं शेवटचं पार्सल नागपंचमीच्या आत निघालंच पाहिजे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे चाललंय असं कानावर आलं की नवीन ऑर्डर घेतच नाही. पंचमीनंतर फक्त सांगली, मिरज, कुपवाड, तेही बाबांच्या गाडीवरून, पेट्रोलचे 20 रुपये वहीत लिहून.