'भटका' कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही जणांनी ब्लँकेटवाटप ठरवलं होतं, ग्रुपवर मेसेज टाकायचं काम माझ्याकडे आलं आणि मी घाईत टाइप केलं, "पुलाखालच्या भटक्यांसाठी ब्लँकेटं हवीत." दहा मिनिटांत ओळखीतल्या एका मुलीचा फोन. घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरून लोहारकाम करणाऱ्या समाजातली आहे, शिकलेली, नोकरी करते. म्हणाली, "दादा, ते लोक बेघर आहेत. भटके आम्ही." मला खरंच वाईट वाटलं, कारण इतकी वर्षं मी हे दोन्ही शब्द एकच समजून वापरत होतो. तेव्हापासून जे कळत गेलं ते लिहितोय.

ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो बेघर, एवढं साधं आहे. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथवर, पुलाखाली, प्लॅटफॉर्मवर, मोठ्या पाइपांत झोपणाऱ्यांची वेगळी मोजणी झाली, देशभरात साधारण 17 लाख 70 हजार माणसं निघाली. यातले कितीतरी जण भटकत नाहीत हो! वर्षानुवर्षं त्याच पुलाखाली असतात, सकाळी हमालीला जातात, लग्नसराईत वाढप्याचं काम करतात. त्यांना भटके म्हणणं चूक आणि सरसकट भिकारी म्हणणं तर त्याहून चूक. बातमीत 'फिरस्ता' वाचायला मिळतो, ओळख न पटलेल्या माणसासाठी, तो त्यातल्या त्यात सौम्य आहे. पण 'फिरस्ती' म्हणजे कामानिमित्त गावोगाव फिरणं, साहेब फिरस्तीवर गेलेत म्हणतो ना, ते वेगळं.

आता 'भटके'. हा शब्द एकट्या माणसाला चिकटवला की कानाला टोचतो, कारण 'भटका कुत्रा' आपण रोज म्हणतो. "तो एक भटका आहे" असं लिहूच नका. समाजाबद्दल बोलताना मात्र 'भटक्या जमाती' किंवा 'भटके-विमुक्त' हेच बरोबर, ते लोक स्वतः मोर्चाच्या बॅनरवर हेच लिहितात. आणि यातल्या 'विमुक्त'चा अर्थ मोकाट फिरणारे असा नाही, हे प्लीज लक्षात ठेवा. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, पुढे तो कायदा आपल्याकडेही लागू झाला, पोलिसांकडे हजेरी, तारेच्या कुंपणात वस्ती, सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर! त्यातून सुटले ते विमुक्त, म्हणून 31 ऑगस्टला विमुक्त दिन असतो.

सरकारी फॉर्म भरताना गोंधळ होतो तो इथेच. विजा म्हणजे विमुक्त जाती, भज म्हणजे भटक्या जमाती. राज्याच्या आरक्षणात विजा-अ ला 3 टक्के, भज-ब ला 2.5, भज-क म्हणजे धनगर 3.5, भज-ड म्हणजे वंजारी 2 टक्के. यातल्या अनेकांची आता पक्की घरं आहेत, शेती आहे, तरी दाखल्यावर भटक्या जमाती असंच असतं, कारण तो इतिहास आहे, आजचा पत्ता नाही.

लिहिताना अजून एक, 'भटके विमुक्तांचा मोर्चा' असं सर्रास दिसतं, मला तरी 'भटक्या-विमुक्तांचा' हेच बरोबर वाटतं. 'भटकंती' बिनधास्त वापरा, ट्रेकवाल्यांनी तो शब्द छान रुजवलाय. पण 'भामटा' वापरताना थांबा जरा. लबाड, ठग या अर्थाने आपण तो सहज फेकतो आणि विमुक्त जातींच्या यादीत ते एका समाजाचं नाव आहे. शाळेतल्या पोराला स्वतःच्या जातीचं नाव शिवी म्हणून ऐकायला लागत असेल तर त्याला काय वाटत असेल? 'कैकाडी', 'डोंबारी' यांचंही तेच, टोमणा म्हणून नकोच.

नंतर मी त्या फोन करणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना भेटायला गेलो, बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला त्यांचं पाल, म्हणजे कापडी तंबू होता. वडील लाल झालेला कोयता सांडशीत धरून बसलेले आणि आई उभ्याने घण मारत होती, एकही घाव चुकत नव्हता, मागे पालात भांडी ओळीनं लावलेली, देव्हारा, दोरीवर धुतलेले कपडे. मी बोलता बोलता "तुम्हाला घर नाही" असं काहीतरी म्हणून गेलो. घण खाली टेकवून मावशी म्हणाल्या, "हे काय मग?"

ग्रुपवरचा मेसेज मी तिचा फोन आला त्याच दिवशी बदलला होता, "पुलाखाली झोपणाऱ्या बेघर लोकांसाठी ब्लँकेटं हवीत." पहिली दोन ब्लँकेटं त्या मुलीनेच आणून दिली.